पुली आवळली की इंजिन जाम? आधी पुढची बाजू तपासा

टायमिंग बेल्ट बदलला, क्रँकचं ऑइल सील बदललं किंवा पूर्ण इंजिनचं काम झालं. पुलीचा बोल्ट ढिला असेपर्यंत इंजिन पान्याने सहज फिरतं, आवळला की जाम. 'क्रँक गेला, इंजिन पुन्हा उघडावं लागेल' असा गॅरेजमधून फोन आला, तर लगेच होकार देऊ नका.

बोल्टचा दाब पुली, टायमिंगचं चाक आणि क्रँकचं टोक एवढ्यांवरच यायला हवा. हे सगळं एकत्र फिरतं. जाम होतंय म्हणजे बहुधा न फिरणारं काहीतरी मध्ये चेपलं जातंय. स्पेसर राहून गेलेला, गाइड प्लेट उलटी बसलेली, पुलीला क्रँकवर अडकवणारी चावी (की) खाचेतून वर आलेली, किंवा पुलीच दुसऱ्या मॉडेलची. पुली काढायला लावा आणि तिची मागची बाजू उजेडात धरा. तिथे ताजी, चकचकीत घासलेली गोल खूण दिसली तर पुली पुढच्या कव्हरला टेकते आहे. हे काम बहुतेक गाड्यांत अर्ध्या दिवसाचं. इंजिन खाली उतरवायची गरज नाही.

पुढच्या बाजूला काही सापडलं नाही, तरच क्रँकचा पुढे-मागे खेळ डायल गेजने मोजायला सांगा. छोट्या मोटारींत तो साधारण ०.१ ते ०.३ मिमी असतो. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. बोल्ट ढिला असतानाही खेळ नसेल, तर क्रँकचा हा खेळ मर्यादेत ठेवणारे थ्रस्ट वॉशर चुकीच्या मापाचे किंवा उलटे बसलेत. तेलाच्या खाचा क्रँकच्या बाजूला हव्यात. खेळ फारच जास्त असेल, तर वॉशर राहिलाय किंवा निसटलाय.

छोट्या गाडीचे थ्रस्ट वॉशर काही शे रुपयांत येतात. बिल फुगतं ते मजुरीने, आणि मागून जोडलेल्या गॅस्केट सेट, ऑइल, कूलंट, लेथकाम, टोचन यांनी. म्हणून सुट्या भागांचा आणि मजुरीचा अंदाज वेगवेगळा, लेखी घ्या. सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे; २८ टक्के लावला असेल तर बिल दुरुस्त करून घ्या. बदललेले जुने भाग परत मागा. आधीचं काम त्याच गॅरेजने केलं असेल, तर जुनं बिल आणि जॉबकार्ड दाखवा. त्यांनीच चुकीचं बसवलेलं दुरुस्त करायची मजुरी देऊ नका.

'बोल्ट थोडा ढिला ठेवू, चालेल' हे अजिबात मान्य करू नका. चावीची खाच खराब होते, टायमिंग सरकतं आणि बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. पुलीमागे अंदाजाने वॉशर घालणं किंवा स्टार्टर मारून इंजिन 'मोकळं' करणं हेही नको.

गॅरेज ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रारीची मुदत २ वर्षं. सोबत बिलं, लेखी अंदाज आणि घासलेल्या पुलीचा फोटो जोडा.