तिसऱ्या पावसाळ्यातला प्रोजेक्ट

पालकहो, आपल्या तोंडी एक प्रश्न सतत असतो. मुलगा टेबलावर तारा पसरून बसलेला दिसला की आपण विचारतो, "झाला का रे तुझा प्रोजेक्ट?" विचारण्यात वाईट हेतू नसतो, शाळेनं आपल्याला तशी सवयच लावली आहे. प्रोजेक्ट शुक्रवारी द्यायचा असतो, त्याला मार्क मिळतात आणि मग तो माळ्यावर जातो. पण घरात रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक आला असेल आणि मुलं त्यावर काही उभारत असतील, तर माझी कळकळीची विनंती आहे की तो प्रोजेक्ट लवकर संपू देऊ नका. त्याला दुसरं वर्ष बघू द्या. जमलं तर तिसरंही.

ज्यांच्या घरी हा बोर्ड अजून आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. एटीएम कार्डाएवढी ही हिरवी पट्टी. तिला पडदा नाही, कीबोर्ड नाही, पण संगणक पूर्ण आहे. कडेला 40 पिना असतात. त्यांना तापमानाचा, हवेच्या दाबाचा, पावसाचा सेन्सर जोडला की बाहेर काय चाललंय ते संगणकाला कळू लागतं. हा बोर्ड मुलांसाठीच जन्माला आला. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्राला अर्ज करणाऱ्यांची संख्या घटत चालली होती आणि येणाऱ्या मुलांनी स्वतः फारसं काही करून पाहिलेलं नसायचं. तिथल्या एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे टोचत होतं. 1980 च्या दशकात इंग्लंडमधल्या मुलांकडे बीबीसी मायक्रो होता, सुरू केला की थेट प्रोग्रॅम लिहायलाच बसवणारा. नंतरचे घरचे संगणक महाग होते, सगळ्या कुटुंबाचे होते, आणि त्यांना "हात लावू नकोस, बिघडेल" हे वाक्य चिकटलं. म्हणून 29 फेब्रुवारी 2012 रोजी 35 डॉलरचा बोर्ड बाजारात आला. बिघडला तरी घरात रडारड होऊ नये, इतपत त्याची किंमत ठेवली होती. मुलाच्या हातून तो बिघडला तर कृपा करून हे आठवा.

आमच्या घरी, पुण्यात, गच्चीवर मुलीचं छोटं हवामान केंद्र आहे. सातवीत सुरू केलं, आता ती दहावीत आहे. त्याच उदाहरणावरून बोलते.

पहिल्या आठवड्यात सगळं गोड असतं. पडद्यावर तापमानाचा आकडा उमटतो, आजी-आजोबांना बोलावून दाखवला जातो, फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो. बहुतेक घरांत प्रोजेक्ट इथेच "होतो". कार्यशाळेत प्रमाणपत्र मिळतं तेही इथेच. माझं म्हणणं असं की शिकणं अजून सुरूही झालेलं नसतं. आतापर्यंत मुलानं दुसऱ्यानं लिहिलेल्या पायऱ्या नीट पाळल्या आहेत, एवढंच.

शिकणं सुरू होतं ते आकडा खोटा वाटू लागतो तेव्हा. डीएस18बी20 नावाचा तापमानाचा सेन्सर आहे, स्वस्त आणि बराच भरवशाचा. तो कधीतरी मध्येच 85 अंश सांगतो. आधीच्या नोंदीत 27, नंतरच्या नोंदीत 27, मध्ये 85. हा आकडा तापमानाचा नसतोच. सेन्सरला वीज मिळाल्यावर, पहिलं मोजमाप होईपर्यंत, त्याच्या पोटात 85 हाच आकडा भरलेला असतो. म्हणजे त्या क्षणी कुठेतरी वीज तुटली होती. मग तार हलवून बघायची, जोड तपासायचा, सोल्डरचा डाग नीट बसलाय का ते भिंगातून बघायचं. यंत्रानं दिलेला आकडा म्हणजे सत्य असं नसतं, त्यामागचं कारण शोधावं लागतं, हे मुलगी इथे शिकली. पुस्तकात हे वाक्य वाचून कुणी शिकत नाही.

दिवे जातात तेव्हाही हेच होतं. रास्पबेरी पाय 5 च्या आधीच्या मॉडेलांत स्वतःचं घड्याळ नाही, वेळ इंटरनेटवरून घेतली जाते. दोन तास वीज गेली आणि परत आल्यावर राउटर बंदच राहिला, तर बोर्ड आधी नोंदवलेल्या वेळेपासून पुढे मोजू लागतो, आणि पाच वाजताचा पाऊस वहीत तीन वाजता पडतो. उपाय साधा आहे: नाण्याएवढ्या सेलवर चालणारं घड्याळाचं छोटं मोड्यूल. पण उपायाआधी संशय यावा लागतो, आणि संशय यायला आपण स्वतः पाच वाजता खिडकीत उभं राहून तो पाऊस पाहिलेला असावा लागतो.

आता हवेच्या दाबाबद्दल सांगते. ही गोष्ट मला सगळ्यात प्रिय आहे. सेन्सर पहिल्या दिवशी 948 च्या आसपास हेक्टोपास्कल दाखवतो आणि हवामानाच्या बातमीत 1008 असतं. मुलं लगेच म्हणतात, सेन्सर खराब निघाला. खराब नसतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे, आणि हवामान खातं तुलनेसाठी सगळीकडचा दाब समुद्रसपाटीवर आणून सांगतं. दर 100 मीटरला साधारण 11 हेक्टोपास्कल धरून गणित करा, फरक जुळतो. उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो ही भूगोलातली ओळ अशी स्वतःच्या गच्चीवर सिद्ध झालेली बघताना मुलीचा चेहरा बघायला हवा होता.

पण खरी गंमत काही आठवड्यांनी दिसते. दाबाची रेघ रोज दोनदा चढते आणि दोनदा उतरते. सकाळी दहाच्या सुमाराला वर, दुपारी चारला खाली, रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे चारला पुन्हा खाली. ढग असोत, नसोत. सूर्याची उष्णता वातावरणातला ओझोन आणि बाष्प शोषून घेतात, त्यातून साऱ्या पृथ्वीभोवती हवेची ही भरती-ओहोटी चालते. केंब्रिजच्या मुलाला ती सहज दिसायची नाही. तिकडे वादळांची ये-जा इतकी असते की ती त्यात बुडून जाते. आपल्याकडे, उष्ण कटिबंधात, ती थंडीच्या निरभ्र दिवसांत स्वच्छ दिसते. मग जून येतो आणि ती लाटांची सबंध रेघच खाली सरकते, कारण उत्तरेकडे जमीन तापून कमी दाबाचा पट्टा बसलेला असतो. मान्सून कशामुळे येतो हे उत्तरपत्रिकेत चार ओळींत लिहितात. इथे तो खाली उतरणाऱ्या रेघेत दिसतो. एका महिन्यात हे दिसत नाही. त्यासाठी हिवाळा आणि पावसाळा दोन्ही एकाच कागदावर यावे लागतात. म्हणूनच म्हणते, वर्ष जाऊ द्या.

वर्षभराच्या नोंदींना जागा किती लागते? दर दहा मिनिटांनी एक नोंद धरली तर वर्षाच्या 52,560 ओळी. त्या साऱ्या मिळून मोबाइलवर काढलेल्या एखाद्या फोटोएवढ्या जागेत मावतील. आणि वीज? मोठा बोर्डही अशा कामात तीनेक वॉट खातो, म्हणजे वर्षाला सुमारे 26 युनिट. बिलाची काळजी करू नका.

पावसाच्या मापकाचं काम हातांचं आहे. नरसाळ्यातून पाणी एका सीसॉसारख्या छोट्या वाटीत पडतं, वाटी भरली की उलटते, तिचं चुंबक एका स्विचवरून जातं आणि एक नोंद होते. बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या मापकात प्रत्येक उलटण्याला 0.2794 मिलिमीटर पाऊस धरतात. पण हे खरं कशावरून? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एवढं हाताशी असलं की मुलं नरसाळ्याचं तोंड मोजतात, मापानं पाणी हळूहळू ओततात आणि मापक किती खरं बोलतो ते काढतात. आमच्याकडे हा उद्योग दर मे महिन्यात असतो, कारण वर्षभरात नरसाळ्यात धूळ, कोळ्याचं जाळं, कबुतरांची पिसं असं बरंच साठतं. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ धरायचा, हेही सांगा. हवामान खातं तसंच मोजतं. तुलना करायची तर आपणही तसंच मोजायला हवं.

आपण काय करायचं, ते आता बोलू. एक कोपरा द्या, जिथलं सामान पाहुणे आले म्हणून उचललं जाणार नाही. चांगला अॅडॅप्टर घ्या. मोबाइलचा जुना चार्जर पुरत नाही, व्होल्टेज पडतं आणि बोर्ड अधूनमधून विनाकारण बंद पडतो. मेमरी कार्ड दोन घ्या. वीज अचानक गेली की कार्डावरची माहिती बिघडू शकते, म्हणून दुसऱ्या कार्डावर प्रत तयार ठेवण्याची सवय मुलांना याच वयात लागावी. तापमानाच्या सेन्सरला ऊन लागू नये म्हणून महागडी पेटी नको, कुंडीखालच्या पांढऱ्या बशा उलट्या करून एकीवर एक, मध्ये फट ठेवून बसवल्या की काम होतं. सुटे भाग घ्यायला मुलांना पुण्यात तपकीर गल्लीत न्या, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडवर, आणि दुकानदाराशी त्यांनाच बोलू द्या.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र कडक राहा. भिंतीतल्या 230 व्होल्टला मुलांनी हात लावायचा नाही, पंप-दिवे चालू-बंद करायचे असतील तर ते काम इलेक्ट्रिशियनचं. बोर्डाच्या सिग्नलच्या पिना 3.3 व्होल्टच्या आहेत, 5 व्होल्ट दिले तर जळतात. ही चूक महाग नाही, पण आधी सांगितलेली बरी. कॅमेरा लावलाच तर तो शेजाऱ्यांच्या खिडकीकडे वळता कामा नये. आणि जुन्या बोर्डावर 2022 पूर्वीची प्रणाली असेल तर कंपनीनं दिलेला ठरावीक पासवर्ड आधी बदलून घ्या, तो साऱ्या जगाला ठाऊक आहे.

एक गोष्ट करू नका. पहिला सेन्सर धड चालू लागला की लगेच रोबोचा, मग ड्रोनचा किट आणून देऊ नका. माया असते त्यामागे, मला कळतं. पण नव्या खोक्यानं जुनं काम मरतं. प्रदर्शनात न्यायचा असेल तर न्या, बक्षीस मिळालं तर आनंदच आहे. फक्त सजावटीसाठी चालू केंद्र गच्चीवरून उतरवू नका, त्या दिवसांच्या नोंदी कायमच्या जातात. नोंदी गेल्याच, तर तिथे अंदाजाचे आकडे भरू देऊ नका. रकाना रिकामा राहू दे आणि बाजूला कारण लिहिलेलं असू दे: "वीज नव्हती", "मुंग्यांनी डबीत घर केलं". मुलांच्या प्रामाणिकपणाविषयी आपण खूप बोलतो. तो रिकामा रकाना सोडताना त्यांना तो प्रत्यक्ष जपावा लागतो.

आणि दहावी. या वर्षी "ते सगळं आवरून ठेव" म्हणायचा मोह मलाही होतो, तुम्हालाही होईल. पण जुना, स्थिरावलेला प्रोजेक्ट आठवड्याला फार वेळ मागत नाही. कुठल्या पिनेला कुठली तार, पासवर्ड काय, प्रत कुठल्या कार्डावर, हे मुलीनं वहीत लिहून ठेवलं आहे. परीक्षेच्या काळात बोर्ड आपला आपण चालेल. नोंदी थांबल्या तर वही बघून तो पुन्हा सुरू करणं, कार्ड बदलणं, मे महिन्यात शिडीवर चढून नरसाळं धुणं ही कामं या वर्षी आम्ही आई-बाबा वाटून घेणार आहोत.