रक्त परतते तेव्हा

१९४० च्या सप्टेंबरपासून लंडनवर जर्मन विमानांचा बॉम्बवर्षाव सुरू झाला. कोसळलेल्या घरांखाली तासन्‌तास अडकलेली माणसे बाहेर काढली जात आणि त्यांपैकी काहींच्या बाबतीत डॉक्टरांना एक कोडे पडे. पाय ढिगाऱ्याखाली दबलेला, पण माणूस शुद्धीवर, बोलणारा. सुटका झाल्यावर पहिले काही तास त्याची प्रकृती ठीक वाटे. मग दबलेला पाय सुजू लागे, रक्तदाब घसरे, लघवी गडद तपकिरी होऊन कमी कमी होत जाई आणि आठवडाभरात मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू येई. बायवॉटर्स व बील यांनी अशा चार रुग्णांची हकिगत मार्च १९४१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केली. आज या स्थितीला 'क्रश सिंड्रोम' म्हणतात. पहिल्या महायुद्धात गाडल्या गेलेल्या सैनिकांविषयी मिनामी या जपानी डॉक्टरांनी १९२३ मध्येच जवळपास हेच लिहून ठेवले होते. ते फारसे कोणी वाचले नाही. इतिहासाच्या शिक्षकाला याचे आश्चर्य वाटत नाही.

कोडे असे की, दबलेला असेपर्यंत जो माणूस तगला, तो सुटल्यावर का मेला? भगवान बुद्धांचा प्रतीत्यसमुत्पाद आपण वर्गात शिकवतो: हे असेल तर ते होते, याच्या उत्पत्तीने त्याची उत्पत्ती होते. इथेही कारणांची साखळीच शोधावी लागते.

रक्त थांबले की पेशीला प्राणवायू मिळत नाही. तिचे इंधन संपत जाते, आम्ल साचते आणि सोडियम बाहेर टाकणारे पंप बंद पडतात. पेशी फुगते, कॅल्शियम आत शिरते. ही झाली पहिली इजा. उपाशी पेशीत याच काळात अर्धवट तुटलेली रासायनिक द्रव्ये साठून राहतात. रक्त परतले की प्राणवायू एकदम आत येतो, या साठलेल्या द्रव्यांशी त्याचा संयोग होतो आणि त्यातून प्राणवायूची अतिशय दाहक रूपे निर्माण होतात. ती पेशीचे आवरण जाळतात. पाठोपाठ पांढऱ्या पेशी धावून येतात; जखम साफ करण्याचे त्यांचे काम इथे उलटते, सूज वाढते आणि बारीक केशवाहिन्या तुंबतात. मोठी रक्तवाहिनी मोकळी झाली तरी शेवटच्या पेशीपर्यंत रक्त पोहोचेलच असे नाही. या दुसऱ्या इजेला 'रिपरफ्युजन इंज्युरी' म्हणतात. रक्त परतल्यावर हृदयाच्या स्नायूचा नाश वेगाने दिसू लागतो, हे जेनिंग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवले.

मांडीसारखा मोठा स्नायू दबला असेल तर संकट त्या अवयवापुरते राहत नाही. फुटलेल्या स्नायुपेशींतील पोटॅशियम रक्तात मिसळून हृदयाची लय बिघडवते. मायोग्लोबिन हे तांबूस प्रथिन मूत्रपिंडाच्या नलिकांत अडकते. लघवीचा तो तपकिरी रंग त्याचाच.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे अंगावर आली. सुमारे आठ हजार माणसे दगावली. लातूर-धाराशिवकडून पोटापाण्यासाठी तळवडे-चाकण पट्ट्यात आलेल्या पालकांना त्या पहाटेविषयी मी सांगायला नको. अशा ढिगाऱ्यातून माणूस बाहेर काढताना एक नियम आता जगभर मानला जातो: अवयव बराच वेळ दबलेला असेल आणि वैद्यकीय पथक जवळ असेल, तर दगड उचलण्यापूर्वीच शिरेतून सलाईन सुरू करावे. १९९९ च्या तुर्कस्तानातील भूकंपानंतर सहाशेहून अधिक जणांची मूत्रपिंडे अशा इजांनी बाधित झाली आणि त्यांपैकी बहुतेकांना डायलिसिस द्यावे लागले.

यावरून कोणी रक्त परतूच देऊ नये असा अर्थ काढू नये. हृदयविकाराच्या झटक्यात बंद नलिका जितक्या लवकर उघडेल तितका स्नायू वाचतो. परतीची इजा सोसूनही उघडणेच हिताचे असते. निर्णायक असतो तो मधला वेळ.

आपल्या भागात हा वेळ प्रेस मशीनवर मोजला जातो. हात अडकून काहीच मिनिटे झाली असतील, तर मशीन बंद करून तो ताबडतोब सोडवावा आणि १०८ ला फोन करावा. अडकल्याची व सुटल्याची वेळ कागदावर लिहून रुग्णासोबत द्यावी; डॉक्टरांना ती फार उपयोगी पडते. बोट तुटले असेल तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून, बंद पिशवीत घालून ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये. थंडीत पेशीची भूक मंदावते आणि जोडणीसाठी काही तास जास्त मिळतात. गावाकडे साप चावल्यावर दोरी आवळण्याची जी रीत आहे, तिच्यामागचा धोका आता ध्यानात यावा. मुळात बांधूच नये. पण कोणी घट्ट बांधलीच असेल, तर वाटेत एकदम न सोडता दवाखान्यात डॉक्टरांसमोर सोडावी.

हा वेळ केवळ शरीरशास्त्राने ठरत नाही. ज्याचे नाव हजेरीपटावर नाही असा कंत्राटी कामगार आधी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेला जातो, तिथे पट्टी होते, नोंद कुठे करायची यावर चर्चा होते, आणि स्नायूचे तास निघून जातात. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, मार्च १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकर यांच्याकडे सोपवण्यात आले. त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. चिंचवडच्या मोहननगरमधील ईएसआय रुग्णालय त्याच कायद्याचे फळ आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला ही विमा योजना लागू होते आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार तिच्यात येतो. कंत्राटी असला तरी येतो. पालकांनी आपला ईएसआय क्रमांक विचारून घ्यावा आणि तो घरात मुलांनाही ठाऊक असेल अशा ठिकाणी लिहून ठेवावा.