पडदा आठ वाजता उघडायचा

माझी आत्या 2023 च्या नोव्हेंबरात लंडनला गेली, म्हणजे वारली. राहायला ती 1966 सालीच गेली होती. वय 82, लग्न केलं नाही. मिरजेच्या घरी भेटायला आलेल्या बहुतेकांनी एकच वाक्य म्हटलं, "शेवटी एकटीच गेली बिचारी."

ते "बिचारी" मला फार टोचलं. विल्सडनमधला तिचा फ्लॅट आवरायला मी गेले तेव्हा स्वयंपाकघरात त्या वर्षीचं कालनिर्णय टांगलेलं होतं. आम्हीच दरवर्षी पाठवायचो. प्रत्येक चौकटीत बारीक अक्षरात दूध, गोळ्या, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा वार. आलेली पाकिटं उसवून आतल्या कोऱ्या बाजूवर लिहायची तिची सवय. अशा पाकिटांचा गठ्ठाच ड्रॉवरमध्ये सापडला. त्यातल्याच काहींवर मी हे मुद्दे उतरवत गेले. आत्याने कधी उपदेश केला नाही. हे मी तिच्याकडून शिकले, तेही बरंचसं उशिरा.

1. तीन पौंडांची गोष्ट एकदाच सांगावी.

त्या काळात गेलेला प्रत्येक जण सांगतो, "खिशात तीन पौंड घेऊन आलो." खरंच आहे ते. परकीय चलनाची टंचाई होती आणि सरकार तेवढेच नेऊ द्यायचं. श्रीमंताच्या खिशातही तेवढेच असायचे. आत्या ही गोष्ट माझ्यासमोर एकदाच बोलली, आणि वर म्हणाली, "नियम होता गं तो, पराक्रम नव्हता."

पराक्रम दुसराच होता. 24 जानेवारी 1966 ला एअर इंडियाचं विमान माँ ब्लाँवर आदळलं, त्यात होमी भाभा गेले. आत्याचं तिकीट पंधरा दिवसांनंतरचं, त्याच मार्गाचं. आजोबांनी पेपर तिच्यापुढे टाकला आणि तिकीट फिरव म्हणाले. मुळात नर्सिंग शिकायला जाणंच त्यांना पसंत नव्हतं. लोकांची घाण काढायला विलायतेला कशाला जायचं, ती काय मिरजेत कमी आहे? आत्या म्हणाली, "आता महिनाभर तरी पायलट डोळे उघडे ठेवून चालवतील." आणि गेली. मी तेव्हा वर्षाची होते. हे सगळं आईकडून कळलेलं.

2. सही करण्याआधी अक्षरं वाचावीत. एका अक्षराची किंमत वीस वर्षंही असू शकते.

इंग्लंडमध्ये तेव्हा नर्सिंगच्या दोन वाटा होत्या. तीन वर्षांची एसआरएन आणि दोन वर्षांची एसईएन. पहिलीतून सिस्टर, म्हणजे वॉर्डप्रमुख, होता यायचं. दुसरीतली नर्स आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली. भारतातून, वेस्ट इंडीजमधून आलेल्या कितीतरी मुलींना दुसऱ्या वाटेला लावलं गेलं, आणि फरक काय तो कुणी नीट सांगितला नाही. आत्याच्या हॉस्पिटलातही तसंच झालं. "दोन वर्षांत पास व्हाल, लवकर पगार सुरू होईल," असं सांगितलं, आणि पंचवीस वर्षांच्या मुलीने सही केली. पुढे तिनेच शिकवलेल्या मुली तिच्या वरच्या जागेवर बसल्या. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड सांभाळायचा आणि सकाळी अहवालावर सही मात्र दुसरीची.

याबद्दल ती चिडून बोलल्याचं मला आठवत नाही. पण 1980 च्या दशकाच्या शेवटी एसईएनचं शिक्षण बंद करायचं ठरलं आणि जुन्यांना वरची नोंदणी मिळवायचा अभ्यासक्रम निघाला, तेव्हा ती 48 व्या वर्षी वही-पेन घेऊन वर्गात जाऊन बसली. पास झाल्याचं पत्र तिने फ्रेम केलं नव्हतं. ते मला पासपोर्टच्या प्लास्टिकच्या पिशवीत सापडलं. मिरवायचं असतं तर भिंतीवर चाललं असतं, पण हे तिला जळत्या घरातूनही बाहेर काढायचं होतं, असा मी अर्थ लावला.

3. पाठवणाऱ्याचे दहा पौंड नेहमी दहाच असतात.

ती दर महिन्याला दहा पौंडांचा ड्राफ्ट पाठवायची. आजोबांच्या वहीत सुरुवातीचे आकडे 133 रुपयांचे आहेत. जून 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि तेच दहा पौंड 210 झाले. घरात आनंद, पोरगी मार्गी लागली! पुढच्या वर्षी नोव्हेंबरात पौंडाची किंमत उतरली आणि ड्राफ्ट 180 वर आला. आजोबांनी लिहिलं, "या खेपेस कमी आले, काही अडचण?" ते पत्र तिने जपून ठेवलं होतं. त्याच्या मागे पेन्सिलने फक्त "10" लिहून दोनदा अधोरेखित केलं आहे.

चलनाची एक मजेची आठवणही आहे. 15 फेब्रुवारी 1971 ला इंग्लंडने शिलिंग मोडीत काढून पौंडाचे शंभर पेन्स केले. वॉर्डातल्या म्हाताऱ्या पार गोंधळल्या. आत्याने भारतात 1957 सालीच आणे मोडून नवे पैसे होताना पाहिले होते. ती उशाशी बसून नाणी मांडून दाखवायची. "आमच्याकडे हे चौदा वर्षांपूर्वीच उरकलं," हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर काय असेल, ते मला बरोबर दिसतं.

4. औदार्य वेगळं, आंधळी सही वेगळी.

हे मला सविस्तर सांगायचं आहे, कारण यात आमच्या घराची बाजू चांगली नाही.

मिरजेचं आमचं घर, विशेषतः वरची माडी, तिच्या ड्राफ्टांवर उभी राहिली. आजोबा गेल्यावर, 1987 मध्ये, ती आली तेव्हा तिची गादी हॉलमध्ये, टीव्हीखाली घातली होती. रात्री साडेदहापर्यंत कुणी ना कुणी टीव्ही बघत असायचं. ती पुस्तक घेऊन स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून राहायची. तिसऱ्या दिवशी माझ्या वडिलांनी हक्कसोडपत्राचे कागद काढले. बहिणींनी सही करायची असतेच, असा तो सगळा सूर. मीच चहा घेऊन गेले होते.

ती म्हणाली, "दादा, वाचून देते." दोन दिवस वाचत होती! घरात कुजबुज सुरू झाली, लंडनला राहून वकिली शिकली वाटतं. तिने खरोखरच एका वकिलाला गाठून विचारलं होतं. तेव्हाच्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात एक कलम होतं. वडिलांच्या राहत्या घराची वाटणी मुलगी स्वतःहून मागू शकत नसे, ती भावांनी करायची ठरवली तरच. पण अविवाहित मुलीला त्या घरात राहायचा हक्क होता. हे कलम 2005 मध्ये रद्द झालं. तर आत्याने सही केली, वाटा सोडला, मोबदला एक रुपयाही घेतला नाही. फक्त एक ओळ घालून घेतली. माडीवरची पूर्वेकडची खोली तिच्या हयातीपर्यंत तिच्या वापराची राहील.

पुढची तीसेक वर्षं ती दर डिसेंबरात तीन आठवडे त्या खोलीत राहिली. उरलेलं वर्ष तिथे लोणच्याच्या बरण्या, मोडका पंखा आणि आमच्या पोरांची जुनी दप्तरं असायची. ती यायच्या आदल्या दिवशी ते सामान गच्चीवर जायचं. तिला हे माहीत होतं, कारण खोलीला नेहमी मोहरीचा वास यायचा.

अस्थी घरात आणत नाहीत. तरी तिच्या अस्थी घेऊन कृष्णाघाटावर जायच्या आदल्या रात्री आईने ती खोली झाडून पुसून ठेवली. माझा भाऊ म्हणाला, "हयातीपर्यंत लिहिलं होतं ना?" आईने त्याच्याकडे नुसतं बघितलं. कलश रात्रभर पूर्वेच्या खिडकीत राहिला.

5. पुरुषाची सही मागितली तर थांबावं, पण आणू नये.

1973 मध्ये गृहकर्जाच्या अर्जावर तिला वडिलांची किंवा नवऱ्याची हमी मागितली. वडील मिरजेला, नवरा नाहीच. ओळखीतले एक गृहस्थ सही द्यायला तयार होते, तिने नको म्हटलं. 1975 मध्ये तिकडे स्त्री-पुरुष भेदाविरुद्धचा कायदा झाला, 1977 मध्ये तिने एका बेडरूमचा हा फ्लॅट घेतला. बस्स, इतकंच. मधली चार वर्षं भाड्याच्या खोलीत, पाच पेन्स टाकून पेटणाऱ्या गॅसच्या शेगडीसमोर.

6. भाजणीचा डबा स्वतःजवळ असावा, पंचांग उसनं चालतं.

संकष्टीचा चंद्रोदय कालनिर्णयात मुंबईचा. हिवाळ्यात तो तिच्या घड्याळात दुपारी तीन-साडेतीनला यायचा. ती त्याच वेळी उपास सोडायची. "चंद्र एकच आहे," असं गंभीरपणे सांगायची आणि थालीपीठ लावायची. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात यावरून तिला चिडवायचे. हे मंडळ 1932 पासूनचं, तिच्याहून नऊ वर्षांनी मोठं. गणपतीत तिथे ती पंगतीत वाढायला असायची, पण आरतीनंतर शेवटच्या बसच्या आत घरी. सोडायला येतो म्हणणाऱ्यांना तिचं उत्तर ठरलेलं, "बस सरकारने माझ्यासाठीच सोडली आहे."

7. मदत मागायची वेळ येण्याआधीच तिची सोय लावून ठेवावी.

"एकटी, एकटी" म्हणणाऱ्यांना मला हे सांगायचं आहे. समोरच्या बाजूला, मधल्या अंगणापलीकडच्या फ्लॅटमध्ये एक बाई राहतात. बार्बाडोसच्या. लंडन ट्रान्सपोर्टने तिथे जाऊन माणसं भरती केली होती, त्यात त्या बस कंडक्टर म्हणून आल्या. आत्याच्याच वयाच्या. चाळीसहून जास्त वर्षांच्या शेजारात त्यांनी एकमेकींना फारसं घरी जेवायला बोलावलं नव्हतं. आत्याला त्यांचं तिखट झेपायचं नाही, हे मला त्यांनीच सांगितलं, आणि मी मिरजेची असल्यामुळे लाजले.

पण त्यांचा एक करार होता. दोघींनी आपापला बैठकीचा पडदा सकाळी आठच्या आत उघडायचा. आठला बंद दिसला तर फोन. फोन उचलला नाही तर किल्ली घेऊन यायचं. एकीची किल्ली दुसरीच्या चहाच्या डब्यात. गावाला जाताना आधी सांगायचं. अकरा वर्षं हे चाललं. मधे आत्या न्हाणीघरात घसरली आणि मनगट मोडलं, तेव्हा साडेआठला त्या दारात हजर होत्या. त्या वेळी मी फोनवर आत्याला म्हटलं होतं, "अगं, आता इकडे ये ना." ती म्हणाली, "तिकडे माझा पडदा कोण बघेल?" मला तेव्हा ती थट्टा वाटली.

नोव्हेंबरात त्या सकाळी पडदा उघडला नाही. आत्या झोपेतच गेली होती. शेजारीणबाईंनी आधी ॲम्ब्युलन्सला फोन केला, मग फ्रिजवर चिकटवलेल्या माझ्या नंबरवर.

8. आपल्या मागे भांडायला कारण ठेवू नये. ठेवलंच, तर एखादं गमतीचं ठेवावं.

तिकडे अंत्यविधीला दोन-तीन आठवडे सहज लागतात. आत्याचं दहन झालं एकोणिसाव्या दिवशी. मिरजेत प्रश्न पडला, दिवस मोजायचे कधीपासून? गेल्यापासून धरावे तर दहनाआधीच तेरावा येतो. दोन गुरुजींनी दोन उत्तरं दिली आणि काका दोघांवरही रागावले. लंडनमध्ये मला तिच्या कागदांत खर्चाची आगाऊ भरलेली पावती आणि उसवलेल्या पाकिटावरची एक चिठ्ठी मिळाली: "सुतक पाळू नका. पाळायचंच असेल तर भांडू नका." मी फोनवर वाचून दाखवली. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आई हसली.

मी लंडनला पोहोचल्यानंतरची दुसरी सकाळ. झोप भारतातल्या घड्याळाची, त्यामुळे तीनलाच जाग आली. आतल्या खोलीत दिवा लावून जमिनीवर कागद पसरून बसले. ड्राफ्टच्या पावत्या एकीकडे, आजोबांची पत्रं दुसरीकडे, ते पासचं पत्र मांडीवर. बाहेर कधी उजाडलं कळलंच नाही. मधे फोन वाजला होता, पण तिचा तो जुना फोन कुठल्या खोलीत आहे हेच मला सापडेना, आणि तो थांबला.

मग बाहेरच्या दाराच्या कुलपात किल्ली फिरली. मी दचकून उठले. शेजारीणबाई दारात उभ्या होत्या. नाइटगाऊनवर कोट, पायात सपाता, हातात किल्ली, आणि धाप लागलेली. मला बघून त्यांनी भिंतीला हात टेकला. मग माझ्याकडे न बघता बैठकीच्या खोलीत गेल्या आणि दोन्ही हातांनी पडदा बाजूला केला. सव्वाआठ झाले होते.