मुक्या सोबत्याचा खाऊ

छत्तीसगड हे भाताचे कोठार मानले जाते. तेथील भिलाई या पोलादनगरीत अनेक मराठी कुटुंबे राहतात. तांदळाचे व ज्वारीचे पीठ, उकडलेला लाल भोपळा आणि किसलेले गाजर एकत्र मळून छोट्या वड्या थापाव्यात. मंद आचेवर तव्यावर खरपूस भाजल्या, की कुत्र्यासाठी पौष्टिक खाऊ तयार होतो. त्यात मीठ, साखर वा मसाला घालू नये. कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. द्राक्षे व मनुका यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. खाऊ रोजच्या आहाराच्या १० टक्क्यांहून अधिक नसावा. घातक काय, हे त्या मुक्या जिवाला कळत नाही. ते माणसानेच जाणले पाहिजे.

पाठगत प्रश्न : कुत्र्याला कांदा का देऊ नये?