चिठ्ठी मोबाइलवर येणार, पण कुणाच्या मोबाइलवर?

आमच्या वस्तीच्या तोंडाशी एक लहान दवाखाना आहे. तिथले डॉक्टर आता औषधाची चिठ्ठी संगणकावर लिहिणार आहेत. कोणत्या कंपनीची सेवा घ्यावी, असं त्यांनी आम्हाला विचारलं. आम्ही चकित झालो. कंपन्यांची माणसं डॉक्टरांशी बोलतात, चिठ्ठी ज्याच्या हातात पडते त्याला कुणी विचारत नाही. मग विहारात बसून आम्ही महिलांनी यावर विचार केला.

पहिली गोष्ट औषधाच्या नावाची. भारतीय वैद्यक परिषदेने 2016 साली नियम दुरुस्त केला. डॉक्टरांनी औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं, शक्यतो इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावं, असा तो नियम. जी सेवा आधी ब्रँडचं नाव पुढे करते ती आपल्या कामाची नाही. जेनेरिक नाव असेल तर जनऔषधी केंद्रातून तीच गोळी स्वस्तात मिळते. सेवा फुकट देतात तेव्हा पैसे कोण भरतं, हेही डॉक्टरांनी विचारावं. औषध कंपनी भरत असेल तर पडद्यावर तिचीच गोळी वर दिसू शकते.

छापील अक्षर वाचता येतं म्हणून ते बरोबरच असतं असं नाही. सांधेवातावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. यादीतून निवडताना बोट घसरलं आणि ‘रोज’ छापलं गेलं, तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, जीवही जातो. म्हणून अशा गोळीला ‘रोज’ निवडलं तर अडवणारी सेवा हवी, आणि चिठ्ठीवर वार छापलेला हवा: ‘फक्त सोमवारी’. घरात ही गोळी कुणी घेत असेल तर आजच चिठ्ठी काढून बघा. रोज घेतली गेली असेल तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. हा आजार फक्त आदिवासींचा, असं समजू नका. विदर्भात आपल्या समाजातही तो आढळला आहे. सिकलसेलवर हायड्रॉक्सियुरिया देतात. तिची मात्रा वजनावर ठरते, आणि गरोदरपणात ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू ठेवायची नसते. म्हणून वजन, गरोदरपण, जुना आजार, कशाची ॲलर्जी, हे सगळं नवी चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर आलं पाहिजे. दुसऱ्या पानावर लपलेली माहिती गर्दीच्या वेळी कोण उघडतं?

आमचा सर्वांत जास्त वेळ मोबाइलवर गेला. घरात फोन एक, तोही नवऱ्याकडे किंवा मुलाकडे. पांढऱ्या पाण्याचं औषध, पाळणा लांबवायच्या गोळ्या, क्षयाचा उपचार, सगळं त्याच फोनवर जाणार. एका मैत्रिणीने सरळ सांगितलं, असं असेल तर मी दवाखान्यातच जाणार नाही. म्हणून फोनवर पाठवायचं की नाही हे रुग्णाला दर वेळी विचारलं जावं, आणि सही-तारखेची कागदी प्रत मागावी न लागता मिळावी. सकाळ-दुपार-रात्र मराठीत हवं. धडगाव-अक्कलकुव्याकडून येणाऱ्या रुग्णाला गावी नेटवर्क मिळेलच असं नाही, तिथे कागदच उपयोगी पडतो. दवाखान्यातही नेट गेलं म्हणून चिठ्ठी अडायला नको.

‘आभा’चा चौदा आकडी क्रमांक काढणं ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून कुणी परत पाठवलं तर ऐकून घेऊ नका. आणि डॉक्टरांनी उद्या कंपनी बदलली तर आपली जुनी नोंद बाहेर काढता येते का, हे करार करण्याआधीच विचारायला हवं.

एप्रिल 2020 पासून सरकारची ई-संजीवनी ओपीडी फोनवरून मोफत सल्ला आणि संगणकी चिठ्ठी देते. तशी चिठ्ठी कुणाकडे असेल तर आम्हाला दाखवा. डॉक्टरांनी महिनाभर एक सेवा वापरून बघायचं कबूल केलंय. येत्या रविवारी वंदनेनंतर घरातल्या जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन विहारात या. प्रत्येकाची औषधं आणि ॲलर्जी आम्ही कागदावर लिहून देऊ. तो कागद दवाखान्यात दाखवायचा.