जकात : दानाची आणि नाक्यावरची

प्रश्न : रमजानमध्ये आमचे मुस्लिम शेजारी गरिबांसाठी जकात काढतात. पूर्वी शहराच्या वेशीवर ट्रक अडवून पालिका घेत असे, तीही जकातच. हे दोन शब्द एकच का?

उत्तर : होय, एकच. शब्द अरबी आहे आणि त्याच्या धातूत शुद्ध होणे व वाढणे हे दोन्ही अर्थ आहेत. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, गरजूंना दिला की उरलेले धन शुद्ध होते, ही त्यामागची श्रद्धा.

घरातल्या सोन्यानाण्याचा हिशेब मालक स्वतः करी. व्यापाऱ्याचे धन मात्र उंटांवर लादून उघड्या रस्त्याने चाललेले. ते मोजायला आरंभीच्या खलिफांच्या काळापासूनच वाटेवर अंमलदार बसू लागले. मुस्लिम व्यापाऱ्याकडून ते चाळिसावा हिस्सा जकात म्हणून घेत, राज्यातल्या इतर धर्मीयांकडून त्याच्या दुप्पट. ही दुसरी वसुली धर्मशास्त्राप्रमाणे जकात नव्हे. पण चौकी तीच आणि अंमलदारही तोच. पुढे मालावरच्या कोणत्याही कराला जकात म्हणू लागले आणि मुसलमानी अमलात, फारसीच्या वाटेने, हा शब्द मराठीत आला.

शिवकाळापर्यंत तो पक्का व्यापारी झाला होता. बारदेशातले, म्हणजे पोर्तुगीज गोव्यातले मीठ स्वस्त पडू लागले, तेव्हा १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना त्या मिठावर जबर जकात बसवायला लिहिले. ते स्वराज्यातल्या मिठापेक्षा महाग पडले, तरच व्यापारी आपल्या मिठागरांकडे वळतील, हा त्यातला हिशेब. तिजोरी भरण्याइतकाच आपला उत्पादक जगवण्यासाठीही कर वापरता येतो, ही जाण त्या पत्रात स्वच्छ दिसते.

कर मात्र या शब्दाहून फार जुना. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या महाद्वाराजवळ ध्वज लावलेली शुल्कशाला आहे आणि तिच्यावर शुल्काध्यक्ष नेमलेला आहे.

महाराष्ट्रातली पालिकांची जकात टप्प्याटप्प्याने गेली. मुंबईत ती सर्वांत शेवटी, १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यावर थांबली. परदेशी मालावरचा कर अजून आहेच. सरकारी मराठीत त्याला सीमाशुल्क म्हणतात, म्हणजे तिथे कौटिल्याचाच शब्द चालतो.