कॅल्शियम वाढलेलं दिसलं की

चि. मुक्ता,


आता दवाखान्यात अंगदुखीचे पेशंट रोज येतील. बहुतेकांचं दुखणं साधंच असेल. पण त्यांत एखादी बाई अशी येईल, जिला जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, मुतखडा दोनदा होऊन गेलाय, मनगट मोडलंय आणि प्रत्येक दुखण्याचा डॉक्टर वेगळा. तिच्या पिशवीतले जुने रिपोर्ट टेबलावर तारखेवार मांड. कुठेतरी कॅल्शियम ११.२, पुढे ११.४ छापलेलं सापडेल आणि त्याचा पाठपुरावा कुणीच केलेला नसेल.

अशा वेळी कॅल्शियम पुन्हा तपास, सोबत अल्ब्युमिन, पीटीएच (पॅराथायरॉइडचं हार्मोन), क्रिएटिनिन आणि व्हिटॅमिन डी. अल्ब्युमिन ४ च्या खाली दर एका ग्रॅममागे कॅल्शियममध्ये ०.८ मिळव. एक गोष्ट पक्की लक्षात ठेव: कॅल्शियम चढलं की पीटीएच दबायलाच हवं. ते 'नॉर्मल' आलं, तरी पॅराथायरॉइडवरचा संशय सोडू नकोस. कॅन्सरमुळे कॅल्शियम वाढतं, तेव्हा पीटीएच बहुधा खाली गेलेलं असतं. थायझाइड किंवा लिथियम चालू आहे का, विचार. २४ तासांच्या लघवीत कॅल्शियम फारच कमी असेल, तर घराण्यात चालत आलेला सौम्य प्रकार असू शकतो. त्याला ऑपरेशन लागत नाही. आपल्याकडे 'डी'ची कमतरता खूप, त्यामुळे कधी कधी कॅल्शियम वाढलेलं दिसतच नाही, हेही ध्यानात असू दे.

पॅराथायरॉइडचा हा आजार मुळातून बरा होतो तो ऑपरेशननेच. बहुतेकदा चार पॅराथायरॉइड ग्रंथींपैकी एकीतच गाठ असते. मुतखडा, ठिसूळ हाडं, ईजीएफआर ६० च्या खाली, वय ५० च्या आत किंवा कॅल्शियम वरच्या मर्यादेहून १ ने जास्त, यांतलं एक जरी असलं तरी या ऑपरेशनचा सराव असलेल्या सर्जनकडे पाठव. स्कॅन गाठीची जागा शोधायला असतो; त्यात काही दिसलं नाही म्हणून आजार नाही, असं ठरवू नकोस.

तोवर पाणी भरपूर प्यायला सांग. दूध-दही बंद करू नकोस. 'डी' जपून, सावकाश भरून काढ. कॅल्शियम १४ च्या वर गेलं किंवा पेशंट उलट्या करत गुंगीत जाऊ लागला, तर सलाइन लावून लगेच मोठ्या हॉस्पिटलला हलव. ऑपरेशननंतर ओठांभोवती मुंग्या आल्या, तर त्याच दिवशी कॅल्शियम तपासायचं, हे घरच्यांनाही समजावून सांग.

आणि हाडं दुखतात म्हणून कॅल्शियमची गोळी लिहिण्याआधी रक्तातलं कॅल्शियम एकदा पाहत जा. एवढी सवय लावलीस, तर हा आजार तुझ्या हातून सहसा निसटणार नाही.

तुझा,
काका